एफएम२ घेऊ की के१०००? रविवारच्या आत सांगा (मदत हवी आहे)

वाडाप्रेमी_नाशिक
नमस्कार मंडळी. फिल्म कॅमेरा घ्यायचाय. निकॉन एफएम२ आणि पेंटॅक्स के१००० या दोघांवर येऊन गाडी अडलीये. एफएम२ची नुसती बॉडी आहे, के१०००सोबत ५० एमएम लेन्स मिळतेय. दोघेही विकणारे रविवारपर्यंत थांबतो म्हणालेत, पुढे नाही. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलं, जो तो आपल्याच कॅमेऱ्याला आदर्श म्हणतो. जाणकारांनी एका वाक्यात सांगा, कुठला घेऊ? 'डिजिटलच घ्या' हा सल्ला कृपया नको.

करडा_कागद
एका वाक्यात: माहिती अपुरी आहे. फोटो कशाचे काढणार? बजेट किती? एफएम२ची नुसती बॉडी म्हणताय, मग लेन्स कुठली लावणार? रोल कुठे धुणार?

खटका
एफएम२. विषय संपला. १९८२चं मॉडेल, १/४००० सेकंदापर्यंतचं शटर, आणि तेही पूर्ण यांत्रिक. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. सेल मेला तरी सगळे वेग चालू. माझा हरिहरच्या पायऱ्यांवर आपटलाय, कोपऱ्याला पोचा आला, बाकी ठणठणीत.

निवृत्त_मास्तर
१/४००० घेऊन करायचंय काय? भर दुपारी ४०० वेगाचा रोल एफ/१६ला (म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून) साधारण १/५०० सेकंद मागतो. के१०००चं १/१००० त्याला पुरून उरतं. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ बनत होता, उगाच नाही. सुई मधोमध आणा, बटण दाबा. शिकणाऱ्याला याहून जास्त काही देऊच नये.

खटका
मास्तर, उन्हात एफ/२ला उघडून पोर्ट्रेट काढा के१०००वर, मग बोलू.

निवृत्त_मास्तर
४००च्या रोलवर उन्हात एफ/२ला १/३२००० लागेल. तुमचं १/४००० एफ/५.६पाशीच दम टाकतं. हिशेब करून बघा.

खटका
१००चा रोल घालता येतो की.

निवृत्त_मास्तर
तरी १/८००० लागेल. चालू द्या.

लग्नसराई
दोन्ही नको. यशिका मॅट १२४जी घ्या. १२०चा रुंद रोल, ६ बाय ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह, ८० एमएम एफ/३.५. आम्ही लग्नं याच्यावरच काढली. कमरेपाशी धरायचा, मान खाली घालून बघायचं, समोरचा माणूस अवघडत नाही. ३५च्या निगेटिव्हच्या साडेतीनपटीहून जास्त क्षेत्रफळ मिळतं. एकदा ती निगेटिव्ह उजेडावर धरली की ३५ एमएमकडे बघावंसं वाटत नाही.

वाडाप्रेमी_नाशिक
काका, दोनच पर्याय दिलेत हो मी. बरं, कशाचे फोटो ते सांगतो: जुन्या नाशकातले वाडे. तिवंधा, तांबट लेन, भांडी बाजार, सरकारवाड्याच्या मागची बाजू. एकेक पडतोय, जागी चारमजली उभी राहतेय. २०२७च्या सिंहस्थाआधी जेवढं उरलंय तेवढं काढायचंय. कृष्णधवल. बजेट वीस हजार, ताणून बावीस. लेन्स आहे माझ्याकडे. आता तरी सांगा.

करडा_कागद
कोणती लेन्स?

दुतोंड्या
सिंहस्थाच्या आधी म्हणजे मधला पावसाळा आलाच, आणि सिंहस्थ स्वतःच भर श्रावण-भाद्रपदात. गोदाकाठी पावसात कॅमेरा काढणार असाल तर निकॉनॉस ५ बघा. मुळात पाण्याखाली वापरायचा कॅमेरा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं तरी फोटो काढत राहाल.

वाडाप्रेमी_नाशिक
मला पुराचे फोटो काढायचे नाहीयेत!!

लग्नसराई
निकॉनॉसच्या व्ह्यूफाइंडरमधून फोकस दिसत नाही भो. अंतर अंदाजाने लावायचं. वाड्याला कशाला तो?

दुतोंड्या
वाडा जागचा हलतो का? टेपने मोजायचं.

चष्मिष्ट
आदर्श कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. माझा अजून कोणी बनवलेला नाही. एफएम२चं शटर, ऑलिंपस ओएम-१चा व्ह्यूफाइंडर आणि ओएम-४चं स्पॉट मीटर, तिन्ही एका बॉडीत. ओएम-१मध्ये डोळा लावून बघा, ०.९२ पट प्रतिमा आणि ९७ टक्के फ्रेम. एफएम२मध्ये ०.८६ आणि ९३. आकडे किरकोळ वाटतात, पण वाड्याच्या चौकटीची कड फ्रेमला टेकवायची असते तेव्हा ते उरलेले सात टक्के फार छळतात. निगेटिव्हवर शेजारच्या दुकानाची पाटी निघते आणि तुम्ही म्हणता, ही कधी होती इथे?

ओएम-१ला आरसा वर अडकवून ठेवायची खटकीही आहे. ट्रायपॉडवर फार कामाची. तोटा एकच, त्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलंय आणि ते सेल आता येत नाहीत. तसाच १.५चा घातला तर मीटर फसवतं. मोबाइलवरचं मीटर वापरा, प्रश्न मिटला.

खटका
एफएम२चा सेल्फ-टायमर लावला की आरसा सुरुवातीलाच वर जातो. वेगळी खटकी लागत नाही. के१०००ला मात्र सेल्फ-टायमरसुद्धा नाही, मास्तर.

निवृत्त_मास्तर
सेल्फ-टायमर नसल्याने कोणाचं शिक्षण अडल्याचं ऐकिवात नाही.

त्र्यंबकचा_मुलगा
अवांतर: आपण नाशिककरांनी फिल्मवर बोलावं हे योग्यच. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, हँडल हाताने फिरवायचा. ना सेल, ना मीटर. आणि आपण इथे ०.८६ की ०.९२ करत बसलोय. पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक बघून या सगळ्यांनी एकदा.

लग्नसराई
+१. स्मारकाची अवस्था मात्र नीट ठेवायला हवी.

करडा_कागद
स्मारकासाठी वेगळा धागा काढा ना. वाडाप्रेमी, चौथ्यांदा विचारायला लावू नका: लेन्स कोणती? लेन्सवर लिहिलेली पूर्ण अक्षरं टंका.

वाडाप्रेमी_नाशिक
निकॉनच्या आहेत म्हणून तर एफएम२ बघतोय ना, त्यात विचारण्यासारखं काय आहे? एएफ-एस डीएक्स ३५ एमएम १.८जी, आणि माझ्या डिजिटल डी५६००सोबत आलेली एएफ-पी १८-५५. माउंट तोच आहे, बसते.

करडा_कागद
बसते, चालत नाही. 'जी' लेन्सला ॲपर्चरची, म्हणजे भोक लहानमोठं करायची, रिंग नसते. एफएम२ला बॉडीतून ॲपर्चर बदलता येत नाही, तो रिंगवर अवलंबून. त्यामुळे तुमची ३५ त्याच्यावर कायम सगळ्यात लहान ॲपर्चरला, म्हणजे एफ/२२ला बंद होईल. माजघरात एफ/२२! १८-५५ची तर गोष्टच सोडा. एएफ-पीचं फोकस हातानेसुद्धा मोटरमार्फतच फिरतं, जुन्या बॉडीवर ती मोटर हलत नाही.

आता दोन रस्ते. एक, एफएम२ घ्या आणि रिंगवाली लेन्स वेगळी घ्या, मग बावीस हजार विसरा. दोन, निकॉन एफ८०. हा २०००च्या सुमाराचा फिल्म कॅमेरा, 'जी' लेन्सचं ॲपर्चर बॉडीवरून फिरवतो, एएफ-एसचं ऑटोफोकसही चालतं. तुमची ३५ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) असल्याने पूर्ण फ्रेमवर कोपरे काळवंडतील, ॲपर्चर लहान केलंत की काळोखाची कड जास्त ठळक होते. पण सुरुवातीला चालून जाईल. आणि जी लेन्स डी५६००वर ५०सारखी दिसते ती फिल्मवर खरोखरीची ३५ होते, म्हणजे रुंद. तुमच्या बोळांना तेच हवंय.

खटका
एफ८०? प्लॅस्टिकचा डबा. दोन सीआर१२३ सेल संपले की पेपरवेट.

करडा_कागद
दोन सेल खिशात ठेवायचे. तांबट लेनमध्ये जायचंय, हिमालयात नाही. शिवाय एफ८०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये हव्या तेव्हा जाळीच्या रेषा आणता येतात. सागवानी खांब सरळ ठेवायला याहून सोपं काही नाही. ३० सेकंदांपर्यंतचे वेगही बॉडीतच आहेत, एफएम२ १ सेकंदाला थांबतो, पुढे 'बल्ब' (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) आणि घड्याळ.

निवृत्त_मास्तर
के१०००सोबत लेन्स आहे, हे सगळे विसरलात.

करडा_कागद
विसरलो नाही. ५० एमएम आहे ती. दहा फुटांच्या बोळात कॅमेरा उभा धरलात तर ५० एमएममध्ये सात फूट उंचीच येते. दार येईल, वरची गॅलरी नाही. २८मध्ये तेरा फूट येतात. कॅमेरा वर कलता केला की खांब एकमेकांकडे झुकणार.

चष्मिष्ट
झुकू नयेत म्हणून ३५ एमएमची पीसी-निक्कोर असते. लेन्स वर सरकवायची, कॅमेरा सरळच. ॲपर्चर हाताने लावायचं, त्यामुळे एफएम२वर मजेत चालते. वाड्यांसाठी माझ्या मते खरा आदर्श संच हाच.

वाडाप्रेमी_नाशिक
ती केवढ्याला?

चष्मिष्ट
बावीसमध्ये ती आणि बॉडी दोन्ही होणार नाहीत. पण विचारलंत म्हणून सांगितलं.

वाडाप्रेमी_नाशिक
मी नव्हतं विचारलं.

काळोखी_खोली
ताई बोलतेय, जरा ऐका. रोल धुण्याचं करडा_कागद यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, त्याला अजून उत्तर नाही. कृष्णधवल असेल तर घरी धुवा. मी एका लॅबमध्ये दिलेला रोल ओरखडे घेऊन परत आला, तेव्हापासून बाहेर देत नाही. एचपी५ फिल्मला डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी २० अंशांचं कुठून येणार? बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवा. २४ अंशांवर आणलंत तरी साडेसात-आठ मिनिटांत काम होतं. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, आकाशात ढगाळ डाग पडतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर पातळ ठेवायचा.

दुसरं. माजघरात मीटरने १० सेकंद सांगितले तर एचपी५ला सुमारे २० द्या. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, हे मीटरला माहीत नसतं. पहिल्यांदा वाड्यांचे आतले फोटो काढणाऱ्यांचे रोल इथेच काळोखे निघतात.

वाडाप्रेमी_नाशिक
ताई, धन्यवाद, हे कामाचं निघालं. वाचनखूण साठवली. धुण्याचं घरीच बघतो.
आज एफएम२ बघून आलो. लेन्स बसवली, मागचं झाकण उघडून बघितलं, करडा_कागद म्हणतात तसंच, टाचणीच्या डोक्याएवढं भोक. विकणारा म्हणतो, "ॲडाप्टर मिळतं." मिळतं का?

करडा_कागद
एफएम२ची बॉडी आणि निकॉनचीच लेन्स यांच्यात ॲडाप्टर कसलं घालणार? त्याला घरी चहा पाजा आणि परत पाठवा.

खटका
तरीही सांगतो, एफएम२ सोडू नका. रिंगवाली एआय २८ एफ/२.८ लेन्स पुढच्या दिवाळीला घ्या. बॉडी जन्मभर टिकते.

वाडाप्रेमी_नाशिक
दिवाळीपर्यंत भांडी बाजारातला कोपऱ्यावरचा वाडा राहत नाही, खटकाभाऊ. छपराची कौलं उतरवायला लागलेत.
पुण्यात एक एफ८० आहे. एफएम२च्या निम्म्याहून कमी भाव. फोटोत पाठीमागचं रबर चिकट दिसतंय, धूळ बसलीये. तो दोष मोठा समजायचा का?

काळोखी_खोली
त्या काळातल्या निकॉनच्या रबराला होतं तसं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा, चोळून काढा. रंग थोडा जाईल, कामात काही फरक नाही.

करडा_कागद
चिकटपणा सोडा, हे बघा: पाठीच्या झाकणाची खिट्टी धड आहे का, कारण ती प्लॅस्टिकची असते आणि तुटली की झाकण बसत नाही. शटरच्या पात्यांवर तेलाचा डाग नको. सेल स्वतःचे नवे घेऊन जा, त्याचे नकोत. तुमची ३५ लावून एफ/४, एफ/८, एफ/१६ला मागचं झाकण उघडं ठेवून बटण दाबा, भोक लहानमोठं होताना दिसलं पाहिजे. आणि फेकून देण्याजोगा एक रोल न्या, शेवटपर्यंत ओढून तो आपोआप मागे गुंडाळतोय का ते ऐका.

निवृत्त_मास्तर
के१०००चा विकणारा कोण आहे? तुम्ही घेत नसाल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नातीला हवाय.

वाडाप्रेमी_नाशिक
मास्तर, व्यनि केलाय. करडा_कागद, शनिवारी सकाळी पुण्याला निघतोय. तिथून खिट्टीचा फोटो टाकतो, तासाभरात उत्तर द्या म्हणजे झालं.

दुतोंड्या
पावसासाठी निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी न्या.