कोकणाला यशवंतसिंह परमार का मिळाले नाहीत?

सातबारा (धागाकर्ता)

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जमिनी कुणाच्या घशात चालल्यात ते इथं कुणाला सांगायला नको. त्यावर रडून झालंय. आज उत्तरेतल्या एका लोकप्रतिनिधीबद्दल लिहितो, ज्याचं नाव मराठीत क्वचितच निघतं: डॉ. यशवंतसिंह परमार, हिमाचल प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री.

जन्म १९०६ चा, सिरमौर संस्थानातल्या चन्हालग गावचा. शिक्षण लाहोर आणि लखनौला. संस्थानात न्यायाधीश होते. दरबाराशी बिनसलं, नोकरी सोडली आणि प्रजामंडळाच्या, म्हणजे संस्थानी प्रजेच्या हक्कांच्या, चळवळीत उतरले. डॉक्टरेटचा विषय हिमालयातलं बहुपतित्व. सगळ्या भावांची मिळून एक बायको ही सिरमौरच्या गिरीपार भागातली जुनी चाल. डोंगरउतारावरच्या वीतभर शेताच्या वाटण्या होऊ नयेत, हे तिच्यामागचं एक मोठं कारण. हे ज्यानं अभ्यासलं त्यानंच पुढं जमिनीचे कायदे आणले. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

१९५३ च्या कायद्यानं बड्या जमीनदारांची मक्तेदारी मोडली, कुळांना मालकीचा रस्ता खुला झाला. मग आला १९७२ चा कूळ व जमीन सुधारणा कायदा आणि त्यातलं गाजलेलं कलम ११८. शेतकरी नसलेल्याला जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, भाडेपट्ट्यानंही द्यायची नाही; द्यायची तर सरकारची परवानगी हवी. खरी मेख व्याख्येत आहे. शेतकरी म्हणजे हिमाचलमधली जमीन स्वतः कसणारा. पंजाबात शंभर एकर असलेला जाटसुद्धा तिथं बिगरशेतकरी.

आपल्या १९४८ च्या कूळकायद्यातही कलम ६३ आहे, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. पण परराज्यातल्या शेतीचे कागद दाखवले तरी माणूस शेतकरी ठरतो आणि वेंगुर्ल्यात दहा एकर घेऊन मोकळा होतो. त्या काळात आपल्या एकाही आमदाराला ही फट बुजवावीशी का वाटली नाही?

भाऊचा धक्का

असहमत. माझा सहलींचा धंदा आहे, कुलू-मनाली मला नवं नाही. कागदावर मालक स्थानिक, पैसा दिल्ली-चंदीगडचा, असा मामला किती ठिकाणी असतो ते तिथल्या टॅक्सीवाल्याला विचारा. कायदा कडक असला की बेनामी वाढतं, एवढंच. आणि परवानगी द्यायचा अधिकार सरकारकडे, म्हणजे ज्याची वर ओळख त्याचं काम होणार. तुमचे परमार थोर असतील, पण त्यांनी मागं ठेवली ती परवान्याची खिडकी.

डोंगरवाट

परमारांबद्दल हिमाचलमध्ये अजून सांगतात की मुख्यमंत्रीपद सोडल्यावर ते साध्या बसनं गावी गेले. आपल्याकडचा माजी नगरसेवक तरी जाईल का?

भाऊचा धक्का

@डोंगरवाट, अशा गोष्टी प्रत्येक राज्यात एकेका नेत्याबद्दल सांगतात. आणीबाणीत हेच परमार मुख्यमंत्री होते, जानेवारी १९७७ मध्ये पायउतार झाले. तेही सांगा की.

सातबारा

आणीबाणीचा मुद्दा मान्य, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण माणूस तोलायचाच तर १९५६ कडेही बघा. फाजल अली आयोग, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोग, आपल्याला आठवतो तो मुंबईसह महाराष्ट्र नाकारल्याबद्दल. त्याच आयोगानं बहुमतानं शिफारस केली होती की हिमाचल पंजाबात विलीन करा. गंमत म्हणजे खुद्द अध्यक्ष फाजल अलींनी त्यावर भिन्नमत नोंदवलं. विलीनीकरण टळलं, पण किंमत म्हणून विधानसभा गेली, हिमाचल केंद्रशासित झाला आणि परमारांचं मुख्यमंत्रीपदही गेलं. १९६३ ला विधानसभा परत आली तेव्हा ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९६६ मध्ये पंजाबची पुनर्रचना झाली आणि कांगडा, कुलू, लाहौल-स्पिती, शिमला हा डोंगरी मुलूख हिमाचलला मिळाला. २५ जानेवारी १९७१ ला पूर्ण राज्याचा दर्जा. इंदिरा गांधींनी शिमल्याच्या रिज मैदानावर भर बर्फवृष्टीत घोषणा केली. राज्य वेगळं राहिलं म्हणूनच वेगळा जमीन कायदा करता आला. पंजाबात गेले असते तर कसलं आलंय कलम ११८!

देवगडकर

धागा चांगला, पण एक माणूस तुमच्या गोष्टीत कुठंच नाही: विकणारा.

आमच्या सातबाऱ्यावर चाळीसच्या आसपास नावं आहेत. अर्धी मुंबईत, काही कायमची वर गेलेली. माझ्या चुलत्याला मोठं आजारपण आलं तेव्हा कातळाचा तुकडा विकला. गावातला कुणी घेणारा नव्हता. घेतला बाहेरच्यानं आणि दामही बरा दिला. तुमचं ११८ इथं असतं तर गावातल्याच एखाद्या सावकारानं तो निम्म्यात उचलला असता. गिऱ्हाईक कमी केलं की भाव पडतो, त्याला कायदेपंडित लागत नाही. हिमाचलमध्ये लोकांनी जमीन धरून ठेवली ती कलमामुळं की सफरचंदामुळं? सफरचंद पैसा देतं. आमच्या कातळावर पावसाळ्यात गवत उगवतं.

नोंदवही

देवगडकरांचा मुद्दा सगळ्यात वजनदार. मी वकिली करते, म्हणून थोडी भर.

कलम ११८ फक्त बाहेरच्यांविरुद्ध आहे हा सर्वसाधारण समज चुकीचा. शिमल्यात पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणारा हिमाचलीसुद्धा शेतकरी नसेल तर त्याला परवानगीच काढावी लागते. दुसरीकडे भूमिहीन शेतमजूर, भूमिहीन दलित-आदिवासी, गावकारागीर यांना कायद्यानंच सूट आहे. म्हणजे हा ‘परप्रांतीय हटाव’ कायदा नाही. तो जमीनसुधारणेच्या कायद्यातला तुकडा आहे आणि सुप्रीम कोर्टानंही २०२३ मध्ये त्याचा हेतू लहान शेतकऱ्याला वाचवण्याचा असल्याचं म्हटलं. कोकणासाठी ज्यांना तो हवाय त्यातल्या बऱ्याच जणांना मात्र पहिलाच अर्थ हवा असतो, असं माझं निरीक्षण.

सफरचंदाबद्दल: ते कोटगढला आणलं अमेरिकन सॅम्युअल स्टोक्सनं, परमारांच्या किती तरी आधी. पण डोंगरात पेटी बाजारापर्यंत न्यायला रस्ता लागतो. परमार रस्त्यांना पहाडाच्या भाग्यरेषा म्हणत. चारा, फळ आणि लाकूड एकाच उतारावर घ्यायची ‘त्रिमुखी वनशेती’ हाही त्यांचाच आग्रह. सोलनजवळ नौणीच्या फलोत्पादन विद्यापीठाला त्यांचं नाव आहे ते उगाच नाही. तेव्हा ‘कलम की सफरचंद’ असा प्रश्नच नको, त्या माणसानं दोन्हींवर काम केलं.

घाटमाथा

कायद्यानं गिऱ्हाईक अडवलं, सिमेंट अडवलं नाही. २०२३ च्या पावसाळ्यात शिमला, कुलू, मंडीत दरडी आणि इमारती कोसळल्या ते आठवा. उतारावर मजल्यावर मजले चढवणारे सगळे काही बाहेरचे नव्हते. हरित लवादानं २०१७ मध्ये शिमल्यात अडीच मजल्यांची मर्यादा घातली, तर राज्य सरकारच कोर्टात भांडत राहिलं. भूमिपुत्राच्या हातचा जेसीबी डोंगर हळू खणत नाही.

सातबारा

@घाटमाथा, बरोबर आहे, पण ते काम नगररचनेच्या कायद्याचं. शेजारच्या उत्तराखंडकडे बघा. तिथं २०१८ मध्ये उद्योगांच्या नावाखाली जमीन खरेदीवरची साडेबारा एकरांची मर्यादा उठवली. मग ‘हिमाचलसारखा भू-कानून द्या’ म्हणत लोक रस्त्यावर आले आणि २०२५ मध्ये सरकारला तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांच्या शेतजमीन खरेदीवर बंदी आणावी लागली. शेजाऱ्यांना हेवा वाटावा असं काही तरी त्या कलमात असेलच ना?

देवगडकर, तुमच्या चुलत्यांचं पटतं. पण गिऱ्हाईक सरकारच असलं तर? विकायला निघालेली जमीन पहिल्यांदा ग्रामपंचायतीला किंवा सहकारी संस्थेला, रेडीरेकनरच्या भावानं.

देवगडकर

ग्रामपंचायतीकडे पाणीपट्टीचे पैसे नाहीत, जमीन कुठून घेणार?

आणि तुम्ही म्हणता तशी व्याख्या इथं लागू केली, ‘महाराष्ट्रातच स्वतः कसणारा’, तर पहिला बाद मीच. मी ठाण्यात राहतो, आंब्याच्या कलमांना खत घालायला गडी आहे. वारसानं नाव लागेल, पण शेजारची दहा गुंठे मला घेता येतील का?

नोंदवही

हिमाचलमध्ये वारसाहक्क या बंदीत येत नाही, त्यामुळं वडिलोपार्जित जमीन सुरक्षित. शेजारची दहा गुंठे मात्र अडकतील. ‘स्वतः कसणं’ यात देखरेखीखाली मजूर लावणं धरायचं की नाही, त्यावर सगळं ठरेल. चाकरमान्यांची मतं आमदाराला हवी असतात, तेव्हा ती ओळ लिहिताना कुणाचाही हात थरथरेल.