खर्चाची मर्यादा फक्त उमेदवारालाच का?

निळा_कावळा: लोकसभेला मोठ्या राज्यात उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा, पण पक्षाने किती उडवावे याला लिमिटच नाही! मग उपयोग काय तिचा? आणि या पैशाने समाजाचं नक्की काय बिघडतं?

रिकामटेकडा: मतदाराला दिलेलं पाकीट दिसतं म्हणून सगळे त्यावरच बोलतात, खरी गोम तिकीटवाटपात आहे, तिथे आधी विचारतात खर्च किती करणार, त्यामुळे चळवळीतली माणसं यादीपर्यंत पोचतच नाहीत आणि आपल्यापुढे येतात दोन बिल्डर, निवडा त्यातला एक.

सहज_सुचलं: +१. निवडून आल्यावर टेंडरमधून व्याजासकट वसुली ठरलेलीच.

जुना_मेंबर: निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद, 2018 ला आले, देणगीदार कोण ते मतदाराला कळायची सोय नव्हती. सुप्रीम कोर्टाने 15 फेब्रुवारी 2024 ला ते घटनाबाह्य ठरवले, मुद्दा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा. पण 20 हजारांपर्यंत देणाऱ्यांची नावं पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायची गरज नाही, ती खिडकी उघडीच आहे.

निळा_कावळा: म्हणजे रकमेचे तुकडे पाडले की झालं?

जुना_मेंबर: नियमात एका माणसाची वर्षभराची बेरीज धरतात. तुकडे वेगवेगळ्या नावांवर पाडले तर बसा शोधत.