पुन्हा: पुन्हा: मारबतीचे फोटो कुणाला दिसले का?

कडून: धरमपेठचे काका
विषय: मारबत, यंदाचे फोटो

मंडळी,

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, यंदा पाऊस होता, पण नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीला पाय ठेवायला जागा नव्हती. मारबत म्हणजे ईडा पिडा घेऊन जाणारा, शेवटी जाळायचा मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते अन् पिवळी 1885 पासून. तिकडे परदेशात जन्मलेल्या पोरांना हे कोण सांगणार, म्हणून थोडा इतिहासही लिहिला आहे. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात तो फोटो मुद्दाम मोठा टाकला. बडगे, म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे, महागाईचे होते, खड्ड्यांचे होते, मोबाइलच्या नादाचाही एक होता. आठ फोटो आहेत, मजकुराच्या मधे मधे. पोरांना जवळ बसवून दाखवा अन् 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' एकदा मोठ्यानं म्हणायला लावा.

काका

कडून: न्यू जर्सीची वहिनी

काका, मजकूर आवडला, पण फोटो दिसत नाहीत. जागोजागी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली. आत इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलंय की चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली असेल, तिचं नाव बदललं असेल किंवा पुसली गेली असेल. माझं ऑफिसचं आउटलुक आहे.

कडून: मेलबर्नची ताई

मला फोनवर सात रिकाम्या चौकटी दिसतात. पिवळ्या मारबतीचा फोटो मात्र छान दिसतोय, तोच तेवढा. तुमच्या खड्ड्यांच्या बडग्यासाठी जीव तुटतोय हो काका!

कडून: लंडनचा भाऊ

कसल्या चौकटी? मला नुसता मजकूर आलाय. मधे कुठे कुठे 'स्क्रब्ड' का काहीतरी लिहिलेलं आहे.

कडून: धरमपेठचे काका

इकडे तर सगळे दिसून राहिले! आत्ताच सेंटमधला मेल उघडून पाहिला, आठच्या आठ आहेत. तुमच्याच तिकडे नेट हळू चालत असेल बाप्पा.

कडून: न्यू जर्सीचे दादा

सगळ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचे फोटो 'ऑलवेज डिस्प्ले' करून टाका. नाही जमलं तर कॅश साफ करा. तरी नाहीच तर ॲप काढून पुन्हा टाका. माझ्याकडे दर वेळी यानंच जमतं.

कडून: लिस्टचा नियंत्रक, लक्ष्मीनगर, नागपूर

दादा, थांबा. ॲप कुणी काढू नका, सेटिंगही बदलू नका. काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो. घोळ कुठे आहे ते सापडलं आहे, आणि तो एक नाही, दोन आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या मेल लिस्टवर (एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्यांना जातो ती) दर दिवाळीला हीच रड असते.

सगळ्यात कामाची माहिती मेलबर्नच्या ताईंनी दिली. मेल एकच, फोन एकच, तरी आठातला एक दिसतो आणि सात नाहीत. फोन बिघडला असता किंवा नेट हळू असतं तर आठही गेले असते. तेव्हा ताईंचा फोन ठीक आहे, फरक फोटोंमध्येच आहे. यापुढे कुणी तक्रार लिहिली तर या तीनपैकी एक शब्द जरूर लिहा: सगळे, काही, एकच. नुसत्या 'फोटो दिसत नाहीत'वरून काही कळत नाही.

मेलमध्ये फोटो दोन तऱ्हांनी येतो. एक तर तो पाकिटातच असतो. नाहीतर पाकिटात फक्त चिठ्ठी असते: फोटो सीताबर्डीच्या अमुक स्टुडिओत ठेवला आहे, तिथून घ्या. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, जोवर स्टुडिओ उघडा आहे तोवर. पहिल्या तऱ्हेत फोटो मेलचाच एक भाग म्हणून जातो, त्याला एक ओळखक्रमांक मिळतो आणि मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेख असतो. 1992 साली माइम नावाचं मानक आलं, तेव्हापासून मेलच्या पोटात मजकुराशिवाय काही घालता येतं. त्याआधी मेल म्हणजे निव्वळ अक्षरं.

आता कोणता फोटो आत आहे आणि कोणता बाहेर, हे कसं ओळखायचं? जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. भलीमोठी रास उघडेल. मजकूर मराठी असल्यामुळे तो वाचता येणार नाही. देवनागरी अक्षरं प्रवासासाठी बेस64 नावाच्या पद्धतीनं साध्या इंग्रजी अक्षरांत बांधलेली असतात, म्हणून इंग्रजी अक्षरांचा नुसता लगदा दिसतो. इंग्रजी मेलसाठी नेटवर सापडणारे उपाय इथेच अडतात: चित्राचा पत्ता शोधा म्हणतात, आणि आपल्या मेलमध्ये तो लगद्याच्या आत दडलेला असतो. पण प्रत्येक भागाच्या डोक्यावरची ओळ उघडी असते. शोधाच्या खिडकीत 'इमेज/जेपेग' (फोटोच्या भागाची खूण) इंग्रजी अक्षरांत टाका आणि ते किती ठिकाणी सापडतं ते मोजा. माझ्याकडे आलेल्या काकांच्या मेलमध्ये असा भाग एकच निघाला. नावावरून कळलं, पिवळी मारबत. बाकी सात फोटो मेलमध्ये नव्हतेच कधी.

मग कुठे होते? काका मजकूर आधी वर्डमध्ये लिहितात, फोटो तिथेच लावतात आणि सगळं उचलून आपल्या जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये टाकतात. त्या उचलाउचलीत सात फोटोंचा फक्त पत्ता गेला, आणि तो पत्ता होता काकांच्याच संगणकातल्या सी ड्राइव्हचा. पिवळीचा फोटो मागाहून सुचला, तो त्यांनी मेलमध्येच 'इन्सर्ट' करून टाकला, म्हणून तो नीट पोचला. न्यू जर्सीच्या वहिनींच्या चौकटीतला मजकूर बरोबर हेच सांगत होता: फाइल हलवली असेल. हलवली नव्हती, धरमपेठेत होती.

काकांना हे पटेना. 'मला दिसून राहिले ना,' एवढंच म्हणत होते. म्हणून त्यांच्यासमोर फोटोंच्या फोल्डरचं नाव बदललं आणि सेंटमधला तोच मेल पुन्हा उघडला. सात चौकटी रिकाम्या, पिवळी मारबत तेवढी उभी. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, 'आता तरी ऐका.' नाव पूर्ववत केल्यावर फोटो परत आले. पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये फोटो दिसतात, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो संगणक तर त्या पत्त्याच्या घरातच बसलेला असतो.

लंडनच्या भाऊंची गोष्ट वेगळी आहे. ते रोजचे सगळे मेल एकत्र करून येणारा डायजेस्ट घेतात. आपल्या लिस्टचं सॉफ्टवेअर साधा डायजेस्ट करताना अक्षरं तेवढी ठेवतं, फोटो उपटून काढतं आणि त्या जागी 'स्क्रब्ड' अशी नोंद आणि एक लिंक सोडतं. काकांनी आठही फोटो नीट पाठवले असते तरी भाऊंना एकही दिसला नसता. भाऊ, तुमचा डायजेस्ट मी माइमवाला, म्हणजे फोटोही आत ठेवणारा, करून ठेवला आहे. तरीही फोनवर गडबड झाली तर सुटे मेल सुरू करा, आपल्या लिस्टवर मेलांचा एवढा पूर येत नाही.

आता दादांच्या सल्ल्याबद्दल. त्यात तथ्य आहे, पण ते तिसऱ्याच दुखण्यावरचं औषध आहे. दुकानांच्या जाहिराती किंवा सजवलेली वार्तापत्रं येतात, त्यांतले फोटो कुठल्या तरी सर्व्हरवर असतात आणि मेल उघडल्यावर तिथून येतात. आउटलुक 2003 च्या आवृत्तीपासून हे आपणहून अडवतं आणि वर पट्टी दाखवतं, चित्रं उतरवायची तर इथे दाबा. थंडरबर्डही अडवतं. उगाच नाही. एका ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र मेलमध्ये घातलं की ते उतरलेल्या क्षणी पाठवणाऱ्याला कळतं, की तुम्ही मेल उघडला, केव्हा उघडला आणि साधारण कुठून. जीमेलनं डिसेंबर 2013 पासून अशी चित्रं आपल्या सर्व्हरमार्फत आणून थेट दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे तुमचा ठावठिकाणा तरी झाकला जातो. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून, म्हणजे आयओएस 15 पासून, सुरक्षेचा पर्याय चालू असला तर चित्रं तुम्ही मेल वाचा न वाचा, आधीच मागवली जातात. ऑफिसच्या आउटलुकमध्ये मात्र 'सगळ्यांचे सगळे दाखव' करणं मला पसंत नाही. पट्टीवर दाबून त्या एका मेलचे उतरवा, किंवा ओळखीच्या पत्त्याला सुरक्षित यादीत घाला. स्पॅममध्ये पडलेल्या मेलचे फोटो तर उतरवूच नका.

पट्टी दिसली आणि दाबल्यावर फोटो आले, तर प्रश्न अडवणुकीचा होता आणि तो मिटला. पट्टीच नाही, किंवा दाबूनही फुली कायम, तर पत्ताच खोटा आहे. मग वाचणाऱ्यानं कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, पाठवणाऱ्याला सांगा.

पाठवताना फोटो मेलमध्येच 'इन्सर्ट' करा, नाहीतर सरळ अटॅचमेंट म्हणून जोडा. मला विचाराल तर अटॅचमेंटच बरी. दिसायला सुबक नसते, पण हरवत नाही. आधी आकार कमी करा: मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, रुंदी 1200 पिक्सेलवर आणली की काही शे केबीत बसतो आणि पडद्यावर कुणाला फरक कळत नाही. बेस64 मध्ये तीन बाइटांचे चार होतात, म्हणून जीमेलची 25 एमबीची मर्यादा वाटते त्याच्या बरीच आधी संपते. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' ठेवा, नाहीतर एचईआयसी नावाच्या वेगळ्या प्रकारची फाइल जाते आणि जुन्या विंडोजवर ती उघडत नाही. आणि लिस्टवर टाकण्याआधी मेल घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून त्यांच्या फोनवर बघा. आपल्याच संगणकावर बघणं कामाचं नाही, ते वर आलंच आहे.

कडून: धरमपेठचे काका
विषय: मारबत, यंदाचे फोटो (आता तरी)

आठही जोडले आहेत, लहान करून. आधी काकूच्या फोनवर पाहिले. खड्ड्यांचा बडगा पहिला ठेवला, ताईसाठी.

कडून: मेलबर्नची ताई

आले! सगळे आले. लेकानं विचारलं, काळीला अन् पिवळीला शेवटी जाळतात का? हो म्हटलं, तर त्याचं म्हणणं की एवढी मोठी बनवायचीच कशाला. काका, याचं उत्तर तुम्हीच द्या.

कडून: न्यू जर्सीची वहिनी

इकडेही दिसले, पट्टीबिट्टी काही आली नाही. एक विचारायचं होतं. मंडळाच्या जुन्या दिवाळी मेलांमध्ये फोटो होते, तेव्हा मी स्वतः पाहिलेले आहेत. आता उघडले तर रिकामं. मधे तर कुणी हात लावलेला नाही.

कडून: लिस्टचा नियंत्रक, लक्ष्मीनगर, नागपूर

वहिनी, त्या काळी आपली लिस्ट याहू ग्रुप्सवर होती. फोटो तिथल्या अल्बममध्ये टाकायचे आणि मेलमध्ये नुसती लिंक, अशी आपली पद्धत. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला कायमचं बंद झालं. तुमच्या मेलमध्ये तो पत्ता अजून तसाच आहे, पत्त्यावर मात्र काही उरलेलं नाही. ते फोटो मेलमधून परत येणार नाहीत, वाईट वाटतं पण खरं आहे.

पण सगळे काही लिंकनं पाठवत नव्हते. जुने मेल उघडून एकेक बघत बसू नका, आकारानं लावा. दहा-वीस केबीचा मेल असेल तर त्यात फोटो नाही, पुढे चला. अर्धा एमबी किंवा त्याहून मोठा असेल तर बहुधा आहे. तसा सापडला की फोटो उतरवून संगणकावर ठेवा आणि मला अटॅचमेंट करून पाठवा. मेल फॉरवर्ड करू नका, काही प्रोग्रॅम फॉरवर्ड करताना आतले फोटो गाळतात. नागपूरच्या महाल भागातल्या त्या दिवाळी पहाटेचे कुणाकडे असतील तर आधी ते, दिवाळी अंकात घ्यायचे आहेत आणि पानं लावायला घेतली आहेत.