फोन काढून घेतला की प्रश्न सुटतो?

"खेळाडूंनी स्पर्धेच्या काळात सोशल मीडिया बंद ठेवावा, विषय संपला" असं ऑनलाइन शिव्यांवरच्या चर्चेत एकानं म्हटलंय. अर्धंच पटलं. शिव्या द्यायला खेळाडूचा फोन चालू असायची गरज नसते हो!

नीरज चोप्राचंच बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला भालाफेकीत त्याला मागे टाकून पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं सुवर्ण जिंकलं, तेव्हा नीरजची आई "तोही आपलाच मुलगा" म्हणाली आणि सगळे गहिवरले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच अर्शदला बंगळूरच्या स्पर्धेचं आमंत्रण दिल्यावरून नीरजवर लोक तुटून पडले, आईलाही सोडलं नाही. आमंत्रण पहलगामच्या हल्ल्याआधी गेलं होतं, हा खुलासा त्यालाच करावा लागला.

दुसरं टोक नेमबाज स्वप्नील कुसाळेचं. तेव्हा मध्य रेल्वेत टीसी, सराव आपल्या पुण्यातल्या बालेवाडीत. त्याच पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नीलिंगनंतर (गुडघ्यावर बसून नेम धरायचा टप्पा) सहावा होता, तिथून वर सरकत ४५१.४ गुणांवर कांस्य. त्याच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी किती जण त्याला ओळखत होते? मी तरी नाही.

बालेवाडीत भाचीला सोडायला जातो. तिथे मुली स्पाइक्सच्या (धावायच्या खिळ्यांच्या बुटांच्या) नाड्या बांधता बांधता एकमेकींचे रील बघतात. मी कुरकुरलो तर भाची म्हणाली, "मामा, प्रायोजक आधी फॉलोअर्स विचारतात, टायमिंग नंतर." खरं-खोटं तिलाच माहीत, पण पंधराव्या वर्षी तिला हे ठाऊक आहे.