'रडू द्या, सवय होईल' हे पगच्या बाबतीत नको

वर एका ताईंनी लिहिलंय की त्या ऑफिसला निघाल्या की त्यांचा पग (चपट्या तोंडाचा छोटा कुत्रा) दाराशी भुंकून भुंकून धापा टाकतो, आणि त्यावर 'रडू द्या, आठवड्यात सवय होईल' असा सल्ला आलाय. ताई, कृपा करून तसं करू नका. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकूनच. पगच्या अरुंद नाकपुड्या आणि घशात लोंबणारी लांब टाळू यांमुळे हवा आत जायलाच त्रास. त्यात मुंबईचा दमटपणा, जिभेवरचं पाणी लवकर वाळतच नाही.

आमची फ्रेंच बुलडॉग, तीही चपट्या तोंडाचीच, मे महिन्यात दादरच्या घरी फक्त ४० मिनिटं एकटी होती. आलो तर दाराखालच्या फटीला नाक लावून पडलेली, जीभ जांभळट, फरशीवर लाळेचं थारोळं. अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला आणि तशीच टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे नेली.

आधी श्वासाची तपासणी करून घ्या. गरज पडली तर नाकपुड्या रुंद करायची शस्त्रक्रिया होते. मग एकटं राहायचा सराव. चपला घालून नुसतं दारापर्यंत, मग लिफ्टपर्यंत, आणि त्याला धाप लागायच्या आत परत. एसी चालू ठेवा. आमच्या कुत्रीला अर्धा तास एकटं राहायला शिकायला तीन महिने लागले; तोवर शेजारच्या आजी तिच्याजवळ बसायच्या.