मदत हवी आहे: पायाच्या धमन्या जीवाणूंमुळे कडक होतात का? अँटिबायोटिक द्यावं का?

नमस्कार मंडळी, वडिलांसाठी विचारते आहे. वय ७१, जुना मधुमेह, सिगारेट आता सुटली आहे. थोडं चाललं की उजवी पोटरी भरून येते, थांबले की ओसरते, पुन्हा चालले की पुन्हा तेच. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करणाऱ्या तपासणीत (एबीआय) उजव्या पायाचा आकडा ०.६४ आला, डाव्याचा १.४६. डावा तरी उत्तम आहे म्हणून घरात सगळे निश्चिंत आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) चालू आहे.

एका नातेवाइकांनी बाबांना लेख पाठवला. धमनीत साचणाऱ्या थरात क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा जीवाणू सापडतो, तेव्हा अँटिबायोटिकचा कोर्स केला की रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, असं त्यात आहे. बाबांनी ते फारच मनावर घेतलंय. डॉक्टर "गरज नाही" म्हणाले, पण तेवढ्यावर बाबांचं समाधान होत नाही. जीवाणू तिथे खरंच असतील तर ते मारायचे का नाहीत? शिवाय ब्रश करताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, एक दाढही हलते. त्याचा पायाशी काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

लेखातला पहिला भाग खरा आहे. १९८८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हृदयरुग्णांच्या रक्तात या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली. पुढे जीवाणू प्रत्यक्ष धमन्यांच्या थरांतही दिसला, पायाच्या धमन्यांतसुद्धा. तर्क असा होता की तो पांढऱ्या पेशींमध्ये बसून फुप्फुसातून धमनीत पोचतो, तिथे दाह चालू ठेवतो, आणि त्या दाहामुळे चरबीचा थर वाढत जातो.

तर्क पटण्यासारखा होता, म्हणूनच मोठ्या चाचण्या झाल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ४,००० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. फायदा शून्य. पायांच्या बाबतीत २००२ च्या एका छोट्या स्विस अभ्यासात, जेमतेम ४० पुरुषांवर, रॉक्झिथ्रोमायसिनचा चांगला परिणाम दिसला होता. नंतर नेदरलँड्समध्ये ५०० हून अधिक रुग्णांवर अ‍ॅझिथ्रोमायसिन वापरून पाहिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. डेन्मार्कमधल्या हृदयरुग्णांच्या चाचणीत तर क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयरुग्णांना हे औषध देताना सावध राहायला सांगितलं.

बाबांना एवढंच सांगा: जीवाणू तिथे सापडणं आणि त्याच्यामुळे आजार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे काही स्टॅटिन्सचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. पोटरी आधीच दुखते आहे, त्यात ही भर नको. अँटिबायोटिकच्या उरलेल्या जुन्या गोळ्या घरात असतील तर त्यांच्या हाती लागू देऊ नका.

प्रतिसाद २

हिरड्यांबद्दल. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांच्या आजारातला जीवाणू धमन्यांच्या थरांतही आढळला आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळे अभ्यास तपासले. हिरड्यांचा आजार आणि धमन्यांचा आजार यांचा संबंध दिसतो, पण हिरड्यांवर उपचार केल्याने धमन्यांचा आजार टळतो याला पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही दातांच्या डॉक्टरांकडे जाच. हिरड्या बऱ्या झाल्या की मधुमेह थोडा आटोक्यात येतो आणि ती दाढही कदाचित वाचेल. अ‍ॅस्पिरिन चालू असल्याचं त्यांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

प्रतिसाद ३

मला डाव्या पायाची जास्त काळजी वाटते. १.४० च्या वरचा आकडा चांगला नसतो. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, ती इतकी ताठ होते की पट्टा फुगवूनही दबत नाही, आणि आकडा खोटाच मोठा येतो. आत रक्तप्रवाह कमी असला तरी तो कळत नाही. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा, तिथल्या धमन्या सहसा एवढ्या ताठ होत नाहीत. अंगठ्याचं दंडाशी गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं तर डावा पायही आजारी धरायचा.

जीवाणूंची खरी भीती पावलाच्या जखमेतून आहे. रक्त कमी पोचतं, मधुमेहाने पाय बधिर झालेला असतो, मग साधा फोडही चिघळतो. रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. बोट काळवंडलं, रात्री पडल्यापडल्या पाय दुखायला लागला किंवा पाय अचानक गार पडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोटरीसाठी चालणं हाच मोठा उपाय आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून किमान तीनदा, ३० ते ४५ मिनिटं, निदान तीन महिने.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. स्विस आणि डच अभ्यासांचं बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकलं. आत्ताच पाय बघितले. डाव्या टाचेला खोल भेग आहे, कडा पांढरट, आत ओलसर. त्यांना दुखत मात्र नाही. चालणं सुरू करू का?

प्रतिसाद ३

आत्ता नको. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. टाचेवर भार देऊ नका, भेगेत घरगुती काही भरू नका, आणि उद्याच पाय दाखवा. अंगठ्याच्या दाबाचंही तेव्हाच विचारा. जखमेत जंतुसंसर्ग निघाला तर डॉक्टर स्वतःच अँटिबायोटिक देतील, आणि ते मात्र पूर्ण घ्यायचं.