गावात जुन्या अवजारांचं संग्रहालय करायचं आहे, सुरुवात कशी करू?

वावरातला_मास्तर
मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. यंदा लेकीकडे ओहायोला गेलो होतो. जावयांनी होम्स काउंटीतल्या बर्लिन गावी आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांच्या लोकांचं छोटंसं वारसा केंद्र दाखवलं. आत गोल भिंतीवर एकच चित्र, 10 फूट उंच आणि 265 फूट लांब! हाइन्झ गॉगेल या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकारानं ते 1992 मध्ये पुरं केलं. 1525 साली झ्युरिकमध्ये ‘बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा’ म्हणणारे निघाले, त्यांचा छळ झाला, 1693 मध्ये याकोब आमानच्या मागचे लोक वेगळे होऊन आमिश झाले, पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. एक माणूस चित्राच्या कडेनं चालत हे सगळं सांगत जातो. आवारात घोडे ओढायचे ती जुनी मालवाहू गाडी, एका खोलीची शाळा. आणि बाहेर रस्त्यावर त्याच लोकांच्या घोडागाड्या आजही धावतात.

आमच्या गावात पेरणीच्या तिफणी सरपणात चालल्या, बैलांच्या दमण्या मोडून गेल्या, पायलीची मापं भंगारवाला नेतो. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून पेरलेल्या बाया अजून आहेत, त्यांना विचारणारं कोणी नाही. शाळेची जुनी खोली द्यायला ग्रामपंचायत तयार आहे. नोंद कशी ठेवू? उधईचं, म्हणजे वाळवीचं, काय? ती अडगळीची खोली झाली तर मला फार लागेल.

वर्धेची_लेक
सर, आधी वर्ध्याचं मगन संग्रहालय बघून या. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. ग्रामोद्योगाची साधनं तिथं नीट बघायला मिळतील.

मी नोंदणीचं काम करते, म्हणून सांगते. वस्तू आली त्याच दिवशी जाड रजिस्टरात क्रमांक घाला आणि तोच क्रमांक कापडी चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्यानं वस्तूला बांधा. कोणाच्या घरची, कोणत्या सुतारानं केली, शेवटी कधी वापरली, हे देणाऱ्याच्या तोंडून लिहून घ्या. कायमची दिली की ठेवायला दिली, त्यावर सही हवीच. पुढच्या पिढीत भांडणं इथूनच होतात. लाकडाला रंग किंवा पॉलिश अजिबात नको, हातांनी गुळगुळीत झालेली मूठ तशीच दिसू द्या. उधई जमिनीतून, भिंतीतून येते, तेव्हा सगळं विटांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात दर आठवड्याला हात फिरवून बघा.

आणि त्या बायांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे खोलीच्याही आधी करा.

लँकेस्टरहून
मी पेनसिल्व्हेनियात राहते, माहेर पुसद. इथं लँडिस व्हॅली संग्रहालय आहे. हेन्री आणि जॉर्ज लँडिस या भावांनी जर्मन वसाहतकऱ्यांच्या घरातल्या, शेतातल्या वस्तू गोळा केल्या आणि 1925 मध्ये आपल्याच जागेत ते उघडलं. राज्य सरकारनं ते 1953 मध्ये घेतलं. इकडे आलेले सगळे जर्मन आमिश नव्हते, बहुतेक लुथरन आणि रिफॉर्म्ड पंथाचे होते, तेही तिथं कळतं. मला सगळ्यात भावलं ते त्यांचं जुन्या वाणांचं काम. ती माणसं जी भाजी, जे धान्य लावत, त्याचं बियाणं ते जपतात. तुमच्या खोलीत गावरान ज्वारी, जवस, लाखोळी हवीच!

अकोटचा_कास्तकार
मास्तर, पोळ्याचा साज कोणी कायमचा देणार नाही, मीही देणार नाही. झूल, घुंगरं, बाशिंगं हा आमचा जीव आहे. वर्षभर ठेवा, पोळ्याला घरी नेऊ द्या, अशी बोली करा, मग लोक देतील. आणि वखर नुसता भिंतीला टेकवू नका. पोरांना एकदा वावरात हाकू द्या, नाहीतर त्यांना काय समजणार?

वावरातला_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. पोळ्याची अट रजिस्टरात लिहून घेतो. आमच्या शेजारच्या आजींकडे वाणी ज्वारीची कणसं टांगलेली आहेत, त्यांचं बोलणंही उद्याच रेकॉर्ड करतो. ताई, बी बरणीत घालून ठेवलं तर चालेल का?

लँकेस्टरहून
नुसतं बरणीत ठेवू नका सर, हळूहळू उगवण जाते. नीट वाळवून थोडं जपा आणि बाकीचं येत्या खरिपात पेरा. हायब्रीडच्या वावरापासून लांब पेरा, नाहीतर वाण मिसळतो. कणसं निवडताना आजींना सोबत न्या, कोणतं बियाण्याला धरायचं ते त्यांनाच बरोबर कळेल.